पहिली क्रूझ: आईबाबांना मुंबई–गोवा न्यावं की सिंगापूर?

"बोट लागेल का गं?" हा आईचा पहिला प्रश्न. बाबांची भीती जुनी. त्यांचं गाव रेवसच्या बाजूचं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली, ही गोष्ट ऐकतच ते वाढले. अशा माणसाला जहाजावरच्या बुफेचे फोटो दाखवून उपयोग नसतो.

आईबाबांना मुंबई–गोवा नेलं, वर्षभराने सासूसासऱ्यांना सिंगापूरहून. दोन्हींत एक गोष्ट सारखी निघाली: म्हातारी माणसं दमतात ती जहाजावर नाही, जहाजापर्यंत पोचताना. म्हणून तुलना तिथूनच करते.

मुंबईत घरून टॅक्सी थेट बॅलार्ड पिअरला. ओळखपत्र दाखवा, बॅगा द्या, चढा. सिंगापूरला साडेपाच तासांचं विमान, बहुधा रात्रीचं, मग विमानतळावरची पायपीट आणि क्रूझ टर्मिनलची पुन्हा वेगळी रांग. एक रात्र आधी हॉटेलात काढणार नसाल, तर हा पर्याय सोडूनच द्या. शिवाय व्हिसा. जहाज परत सिंगापूरलाच येतं, म्हणून एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा लागतो.

औषधांचाही फरक आहे. घड्याळ अडीच तास पुढे जातं, तेव्हा इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या. झोपेच्या काही गोळ्या सिंगापुरात न्यायला आधी परवानगी लागते. आणि सासऱ्यांची तंबाखूची पुडी? खायच्या तंबाखूवर तिथे बंदीच आहे. विमानतळावर निघायच्या आधी मी त्यांचे खिसे तपासले, त्यावरून झालेला अबोला जेमतेम जहाज सुटेपर्यंत टिकला.

जहाज म्हणून मात्र सिंगापूरचं पारडं जड. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' १९९० सालचं, आटोपशीर. सिंगापूरचं 'गेंटिंग ड्रीम' २०१६ चं आणि आकारमानाने तिपटीहून मोठं. मोठं जहाज कमी हलतं, हे खरं. पण लिफ्टपासून केबिनपर्यंतचा बोळ संपता संपत नाही. सासूबाई दोनदा दुसऱ्याच दारापाशी उभ्या राहिल्या. केबिनचं दार पोलादी असतं, त्याला फ्रिजचा मॅग्नेट चिकटतो. शिर्डीहून आणलेला एक लावला, मग त्या एकट्या फिरू लागल्या. गोव्याच्या जहाजावर ही वेळच आली नाही.

शाकाहारी, जैन जेवण दोन्हीकडे मिळतं. त्यावर डोकं शिणवू नका.

केबिन घेताना वरचा मजला आणि बाल्कनीचा मोह टाळा. खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर हलणं सगळ्यांत कमी. बाथरूमला उंबरठा असतो, चांगला उंच. गुडघ्यांचं दुखणं असेल तर सपाट बाथरूमची केबिन बुकिंगच्या वेळीच मागा, व्हीलचेअरही तेव्हाच सांगा. बोट लागण्यावर घरोघरी ॲव्होमिन असते, पण तिने म्हाताऱ्यांना गुंगी येते आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बॅगा केबिनमध्ये यायला काही तास लागतात, तेव्हा गोळ्या, चष्मा, कवळीची डबी हातातल्या पिशवीत.

लक्षद्वीपची सहल मोह पाडते, पण तिथे एवढ्या मोठ्या जहाजाला धक्का नाही. खोल पाण्यातच लहान होडीत उतरावं लागतं. आईच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं. गोव्यात मुरगावच्या धक्क्याला जहाज लागतं, उतारावरून चालत जायचं. आम्ही तर उतरलोच नाही. जहाज रिकामं झालं, आईबाबा डेकवर चहा घेत बसले.

आणि बाबा? जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत सक्तीची असते. भोंगा वाजणार हे आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी लाइफ जॅकेट कुठे असतात ते विचारलं, त्यांच्या केबिनमधली दोन स्वतः मोजली, आणि मग रात्री शांत झोपले.

माझं मत: पहिल्या वेळी गोवा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. नातवंडांसाठी अमेरिकेच्या वाऱ्या करून विमानतळ सरावाचे झालेले असतील, तर सिंगापूर थेट चालेल. सासूसासऱ्यांचं तसंच होतं. आईबाबांचा तर पासपोर्टही अजून काढलेला नाही.