डब्यावरचे हजार वॉट

बाबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट मोकळी ठेवणारं) लावूनच ते झोपतात. वीज गेली की मशीन बंद पडतं आणि बाबा दचकून उठतात. मुख्यतः त्यासाठीच मी पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे प्लग असलेला, उचलून नेता येणारा मोठ्या बॅटरीचा डबा घेतला, कॅम्पिंगलाही नेता येईल हा दुसरा विचार. खोक्यावर ठळक अक्षरांत '१००० वॉट', खाली बारीक अक्षरांत '३,००,००० एमएएच'. घेण्याआधी विक्रेत्याला फोनवर विचारलं होतं, "बाबांचं मशीन रात्रभर चालेल ना?" तो म्हणाला, "ताई, हजार वॉटचं आहे, आरामात दोन रात्री निघतील."

मी फसले ती या वाक्याला. वॉटवरून एवढंच कळतं की डबा एका वेळी किती लोड घेईल. किती वेळ घेईल, हे वॉट-अवरवर, म्हणजे आत साठवलेल्या एकूण विजेवर ठरतं. नळ मोठा म्हणून टाकी मोठी असं नसतं. माझ्या खोक्यावर वॉट-अवरचा आकडा कुठेच नव्हता. एमएएचवरून तो काढता येतो, पण हे मला नंतर कळलं: हा आकडा बहुतेक वेळा एका सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असतो, म्हणजे ३,००,००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर) म्हणजे ३०० अँपिअर-अवर, गुणिले ३.७, साधारण १,११० वॉट-अवर. एवढा त्यांचा दावा होता.

आधी आम्ही तो कॅम्पिंगला नेला. तंबूतला एलईडी दिवा आणि चार फोन, एवढंच लावलं. सकाळी स्क्रीनवर ७८ टक्के दिसत होतं. खूश होऊन मी पाच तारे दिले आणि 'निर्धास्त घ्या' असं लिहिलं. परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती, ती त्या आनंदात संपली.

मग एका रात्री साडेदहाला वीज गेली. बाबांचं मशीन साधारण ४० वॉट घेतं. दोन वाजता मी उठून पाहिलं, ५४ टक्के होतं, म्हणून जाऊन झोपले. साडेचारला बीप-बीप ऐकून धावले तर स्क्रीन काळी, आणि बाबा मास्क हातात धरून पलंगाच्या कडेला बसलेले, छाती धपापत होती. अडीच तास ते ५४ पाहून मी गाढ झोपले होते, हे आजही मनातून जात नाही.

विक्रेता म्हणाला, "इन्व्हर्टरमध्ये थोडं जातंच." इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीची वीज घरच्या प्लगसारखी करणारा डब्यातला भाग. हे खरं आहे, म्हणूनच ऐकणारा गप्प बसतो. १० ते २० टक्के जातात, शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः काही वॉट खात राहतो. पण माझं नुकसान किती? प्लगमध्ये लावायचा वीज मोजायचा मीटर आणला, डबा पूर्ण चार्ज केला आणि १०० वॉटचा लोड लावून तो बंद पडेपर्यंत चालवला. तीन तासही झाले नाहीत. मीटरवर आले २८७ वॉट-अवर.

ओळखीच्या बॅटरी दुरुस्त करणाऱ्याने डबा उघडला. (घरी कोणीही उघडू नका, सेल शॉर्ट झाला तर आग लागते.) आत ४८ गोल सेल, प्रत्येकी २,००० एमएएचच्या आसपासचे. दाव्याइतकी वीज भरायला असे दीडशे लागले असते. लेबलवर 'लिथियम आयर्न फॉस्फेट' हा जास्त टिकणाऱ्या बॅटरीचा प्रकार छापला होता. त्याने एका सेलवर मल्टिमीटर टेकवला, ४.१ व्होल्ट. फॉस्फेटचा सेल पूर्ण चार्ज झाला तरी ३.६५ च्या आसपास थांबतो. म्हणजे हजारो वेळा चार्ज होणारी म्हणून विकलेली बॅटरीही दुसरीच. वजन खरं तर पहिल्याच दिवशी सांगत होतं: डबा साडेचार किलोचा. हजार वॉट-अवरचे फॉस्फेटवाले डबे बहुतेक दहा किलोच्या पुढेच असतात.

विक्रेत्याने 'प्रयोगशाळेचा अहवाल आणा' म्हणून फोन ठेवला. पैसे गेले ते गेलेच.

आता जो घेतला त्याच्यावर १,०२४ वॉट-अवर स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसऱ्याच दिवशी मीटर लावला, ८७० मिळाले. ८५ टक्के, म्हणजे ठीक. बाबांचं मशीन इन्व्हर्टरवर न लावता मशीनच्याच कंपनीच्या डीसी केबलवर (बॅटरीची वीज थेट घेणाऱ्या) लावते, ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग, बंद ठेवून. तुमच्या घरात कोणाचा श्वास अशा डब्यावर असेल तर तो आल्या आल्या, परत करण्याच्या मुदतीत, पूर्ण रिकामा होईपर्यंत चालवून बघा. फोन चार्ज करून काहीच कळत नाही.

माझे पाच तारे मी काढले आणि तिथे मीटरचा आकडा लिहिला. तोवर चौदा जणांनी 'उपयोगी वाटलं' अशी खूण केली होती. ते कोण, मला कळायला मार्ग नाही, म्हणून इथे लिहिते आहे.