बांधकाम परवानगीचा बनावट कागद : शहरालगत घर बांधणाऱ्यांनी सावध राहावे

शहराच्या वाढीव हद्दीत भूखंड घेऊन घर बांधू पाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्याभोवती ‘परवानगी काढून देतो’ असे म्हणत फिरणाऱ्यांचीही. अशाच एका सल्लागाराने आमच्या कुटुंबाला नगरपरिषदेचे बनावट बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र दिले आणि त्याच्या आधारे आमचे बांधकाम जोत्यापर्यंत आले. हा प्रकार आमच्यापुरता मर्यादित नसल्याचे नंतर दिसून आले, म्हणून तो तपशीलवार मांडत आहे.

आमचा भूखंड तीन गुंठ्यांचा, बिनशेती आदेश झालेला, सातबाऱ्यावर कोणताही बोजा नसलेला. पूर्वी हा भाग ग्रामपंचायतीकडे होता. हद्दवाढीनंतर तो नगरपरिषदेत आला आणि वाढीव हद्दीची विकास योजनाही मंजूर झाली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार अशा ठिकाणी नगरपरिषद हेच नियोजन प्राधिकरण असते; कलम ४४ खाली तिच्याकडे अर्ज करायचा आणि कलम ४५ खाली तिनेच तो मंजूर किंवा नामंजूर करायचा. परिसरात मात्र याविषयी बराच संभ्रम होता. कोणी म्हणे ग्रामपंचायतीचा जुना दाखला अजून चालतो, कोणी म्हणे लहान प्लॉटला आता परवानगीच लागत नाही. हे दुसरे म्हणणे तर फारच घातक आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी पद्धत सोपी केली आहे हे खरे. पण तेथेही आराखडा, मालकीची कागदपत्रे आणि शुल्क द्यावेच लागते.

या संभ्रमावरच त्या गृहस्थाचा सारा धंदा चालला होता. “साहेब, नगररचनेत आपली माणसं आहेत. तुम्ही फक्त सह्या करा, फाईल मी फिरवतो,” असे तो सांगत असे. विकास शुल्क, छाननी शुल्क आणि कामगार कल्याण उपकर अशी तीन वेगवेगळी नावे घेऊन त्याने रोख रक्कम घेतली व प्रत्येक वेळी छापील पावती दिली. काही आठवड्यांनी मंजूर नकाशा आणि प्रमाणपत्र हाती आले. जांभळा गोल शिक्का, मुख्याधिकाऱ्यांची सही, जावक क्रमांक, दिनांक, नकाशावर एका वास्तुविशारदांचा शिक्का : वरवर पाहता त्यात काहीही उणे नव्हते. त्या वास्तुविशारदांना या नकाशाची कल्पनाही नव्हती, हे पुढे त्यांनीच लेखी दिले.

जोते पूर्ण झाल्यावर पुढील काम सुरू करण्यापूर्वी जोते तपासणी करून घ्यावी लागते. तो अर्ज आम्ही स्वतः घेऊन गेलो, कारण सल्लागार ‘त्याची गरज नाही’ असे म्हणत टाळत होता. लिपिकबाईंनी प्रमाणपत्र पाहिले, जावक नोंदवही काढली आणि त्या तारखेच्या पानावर बोट ठेवून ओळीने खाली आल्या. आमच्या क्रमांकापुढे पाणीपुरवठा विभागाच्या एका पत्राची नोंद होती. त्यांनी ऑनलाइन प्रणालीतही शोधले. आमच्या गट क्रमांकावर कोणताही प्रस्ताव कधी दाखलच झाला नव्हता. “काका, ही सही आमच्या साहेबांची नाही,” असे त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी त्या दिवशी कागद नुसता ठेवून घेतला असता तर आमची भिंतही चढली असती, म्हणून त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

त्यानंतर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचे शुल्क भरून आम्ही लेखी उत्तर मागवले. ‘सदर गटावर परवानगी दिलेली नाही’ हे वाक्य कार्यालयाच्या सहीशिक्क्यानिशी मिळाले आणि पोलिसांकडे तेच सर्वांत उपयोगी पडले. ज्यांना शंका आहे त्यांनी पायाचा खड्डा घेण्यापूर्वीच असा अर्ज करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हातातला कागद कितीही चांगला दिसो, परवानगी असते ती कार्यालयाच्या दप्तरात, आणि ते दप्तर पाहण्याचा अधिकार अर्जदाराला आहे.

पैशांपेक्षा मोठे नुकसान जमिनीवर झाले. मंजूर विकास योजनेत आमच्या भूखंडाच्या पूर्वेकडून बारा मीटर रुंदीचा रस्ता जातो आणि त्याच्या रेषेपासून पुढे सामासिक अंतर, म्हणजे बांधकामाभोवतीची मोकळी जागा, सोडावे लागते. बनावट नकाशात हा रस्ता दाखवलेलाच नव्हता. परिणामी पुढचे दोन कॉलम रस्त्याच्या रेषेला जवळजवळ भिडले. नगरपरिषदेने नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली बांधकाम काढून टाकण्याची नोटीस दिली. तिचा राग धरण्याचे कारण नाही, कारण कार्यालयाच्या दृष्टीने ते बांधकाम विनापरवानाच होते. नोंदणीकृत वास्तुविशारदांमार्फत आम्ही उरलेले जोते कायम ठेवण्यासाठी रीतसर अर्ज केला आणि ते दोन कॉलम स्वखर्चाने तोडून घेतले. सळया वाकवून, काँक्रीट फोडून मजुरांनी ते उतरवले तेव्हा घरातल्या कोणाच्यानेही तेथे उभे राहवले नाही.

काही गोष्टी वेळीच खटकायला हव्यात, आणि त्या कोणालाही ओळखता येण्यासारख्या आहेत. परवानगीच्या प्रस्तावाला भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, म्हणजे ज्याला सगळे ‘क प्रत’ म्हणतात तो, लागतो. या गृहस्थाने तो एकदाही मागितला नाही. झोन दाखला व भाग नकाशा नगररचना विभागातून कोणालाही अर्ज करून मिळतो. त्यावरच रस्ता, आरक्षण, हरित पट्टा दिसतो. शुल्क चलनाने किंवा ऑनलाइन भरले जाते आणि ते नगरपरिषदेच्या खात्यात जमा होते. दुसऱ्याच्या हातात रोख देऊन मिळालेल्या छापील पावतीला काडीचाही आधार नसतो. आणि खऱ्या प्रमाणपत्रात मुदत, नूतनीकरण, जोते तपासणी व भोगवटा प्रमाणपत्र यांविषयीच्या अटींची लांबलचक यादी असते. आमच्या कागदावर चारच ओळी होत्या.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या फसवणूक, बनावटीकरण आणि बनावट दस्त खरा म्हणून वापरणे या कलमांखाली (३१८, ३३६ आणि ३४०) नोंदला गेला आहे. तपास चालू आहे, रक्कम परत मिळालेली नाही. दरम्यान आमच्याच रेखांकनातील (लेआउटमधील) दोन भूखंडधारकांनी आपली प्रमाणपत्रे कार्यालयात नेऊन तपासली. एकाचे खरे निघाले. दुसऱ्याच्या कागदावर आमचाच जावक क्रमांक आहे, फक्त तारीख वेगळी. त्यांचे काम स्लॅबपर्यंत आले आहे, आणि तक्रारीसाठी लागणारे लेखी उत्तर मिळवण्याकरिता त्यांनीही आता माहिती अधिकाराचा अर्ज दिला आहे.