‘द फ्लीस’ची फुकटातली प्रत: वृत्त शिकायला कितपत उपयोगी?

जॉन डायरचं हे १७५७ सालचं इंग्रजी काव्य चार सर्गांचं. मेंढ्या राखण्यापासून सुरुवात, मग लोकर, माग आणि शेवटी परदेशी व्यापार. कातरणी पहिल्या सर्गात येते. वृत्तासाठी वाचत असाल तर तेवढा सर्ग पुरे. चौथा म्हणजे पुष्कळ ठिकाणी गोदामाची यादी.

ओळीत दहा उच्चार (सिलेबल), पाच आघात, यमक नाही. आपल्या सावरकरांच्या वैनायक वृत्तासारखंच निर्यमक, पण मोजणी निराळी. पहिली ओळ मोठ्याने म्हणा: ‘द केअर ऑव्ह शीप, द लेबर्स ऑव्ह द लूम’. ‘केअर’ एकच उच्चार धरायचा. आघात केअर, शीप, ले, दुसरा ऑव्ह (हा नावापुरता) आणि लूम यांवर. इथे लघु-गुरू लावायला गेलं की गाडं अडतं, कारण लांबी नाही, जोर मोजायचा असतो. शार्दूलविक्रीडितात यती, म्हणजे ओळीतला थांबा, बाराव्या अक्षरावर ठरलेली. इथे ती सरकते. दुसरी ओळ सहाव्या उच्चारावरच पूर्णविराम घेते आणि उरलेल्या चारांत वनदेवतांना हाक घालते. धनगरी ओवीतलं सुंबरान आठवावं अशी जागा.

कातरणीच्या सणाची ओळ ‘रूरल फेस्टिव्हिटीज’ने सुरू होते. आघात दुसऱ्याऐवजी पहिल्या उच्चारावर. ही चूक नव्हे, मुभा आहे. घाट रोमन कवी व्हर्जिलच्या शेतीकाव्याचा, म्हणजे काम शिकवणारा. मधेच मेंढपाळांचा संवाद घालून डायर गोपगीताकडे वळतो. सांधा दिसतो, पण खुपत नाही. इंग्रज कवी मिल्टनच्या छापाची उलटसुलट वाक्यरचना मात्र खुपते.

आता नेटवर फुकट मिळणाऱ्या प्रतीबद्दल. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ दिसायला ‘एफ’सारखा, म्हणून अक्षरं ओळखणारं यंत्र तो ‘एफ’ वाचतं, त्यामुळे आपोआप काढलेल्या मजकुरात ‘शीप’चं स्पेलिंगच बिघडतं. पानांची चित्रंच उघडा. शुद्धलेखन आधुनिक केलेली प्रत घेतलीत तर ‘एव्ह्‌री’चं ‘एव्हरी’ झालंय का बघा. लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) गेलं की दोनाचे तीन उच्चार होतात आणि ओळ अकरावर जाते. फोनवर अक्षर मोठं केलं तर ओळ भलतीकडे मोडते, मग कवीने ओळ कुठे संपवली ते कळत नाही. फोन आडवा धरा.

पहिल्या सर्गाला पाचपैकी चार, यंत्राने काढलेल्या मजकुराला एक.