सिम्कोवरचा लेक ट्राउट: बर्फातून की बोटीतून?

टोरांटोकडे नव्याने आलेला, मासे पकडायची खाज असलेला मराठी माणूस एकदा तरी विचारतोच: लेक सिम्कोवर ट्राउटला जायचं तर फेब्रुवारीत गोठलेल्या तलावावरची हट (मासेमारीची खोपटी) घेऊ की जुलैत बोट? आउटडोअर्स कार्ड, लायसन्स त्याने काढलेलं असतं आणि गळ-तंगूस लहानपणापासून हाताळलेले असतात, म्हणून ते सगळं सोडून देतो. मी हटमध्ये पाच हिवाळे काढलेत आणि बोटीवर तीन उन्हाळे, तेव्हा दोन्हीकडचं मीठ खाल्लंय असं म्हणायला हरकत नाही.

लेक ट्राउट नावाला ट्राउट, कुळाने 'चार' (char, ट्राउटच्या नात्यातलाच मासा). इथले लोक त्याला लाडाने 'लेकर' म्हणतात, आणि आपल्या कानाला ते लेकरूच ऐकू येतं. लेकरासारखेच त्याचे नखरेही आहेत. त्याला दहा अंशांच्या आसपासचं पाणी हवं, म्हणजे हवंच. त्याचा वर्षभराचा सगळा हिंडण्याफिरण्याचा हिशेब या एका हट्टातून निघतो. पानगळीत तो अंडी घालायला खडकाळ उथळावर येतो, पण तोवर हंगाम बंद झालेला असतो (सिम्कोवर 30 सप्टेंबरला मिटतो), आणि ते योग्यच आहे. या माशाला वयात यायलाच सहा-सात वर्षं लागतात.

राहिला वसंत. मेच्या दुसऱ्या शनिवारी हंगाम उघडतो, पाणी अजून गार असतं, मासा वर असतो, तलावाकाठच्या बॅरी शहरातून चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) फेकूनही लागू शकतो. बोट नको, हट नको. मी दोनदा गेलो: एकदा एक मिळाला, एकदा नुसतं वारं खाऊन आलो. काठापासून दोन-तीन आठवड्यांचा खेळ आहे हा, जमला तर जमला. खरा प्रश्न वरच्या दोघांतलाच.

आधी बोट. जुलैत सिम्कोचं वरचं पाणी पोहण्याजोगं कोमट होतं आणि लेकर तळाकडे जातो. केम्पेनफेल्ट बे हा सिम्कोचाच फाटा चाळीस मीटरच्या आसपास खोल आहे, सगळ्या बोटी तिकडेच घिरट्या घालतात. तिथवर आमिष न्यायला डाउनरिगर लागतो: तारेला बांधलेला शिशाचा गोळा, त्याच्या चिमट्यात आपली दोरी. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वाकलेली काठी एकदम ताठ होते. मग आपण धावायचं, काठी खाचेतून उपसायची, गुंडाळत सुटायचं. दिसायला झकास. मुलंबाळं, पाहुणे, आईवडील यांना घेऊन जायला तर याच्यासारखं काही नाही. पहाटेचा तलाव, थर्मासमधला चहा, आणि तलावही केवढा, तर शहर-उपनगरांसकट अख्खी मुंबई आत बुडवली तरी वर जागा उरेल. पुण्याहून आलेल्या मेहुण्याला मी बोटीवरच नेलं होतं आणि तो आजही ते फोटो दाखवत असतो.

पण काठी खाचेत असते. मासा लागल्याचं कळतं ते डोळ्यांना, हाताला नाही. खाडीकाठी बोटाला दोरी गुंडाळून बसलेल्या माणसाला हे जरा परक्याच्या ताटातलं वाटतं. अर्थात, हे माझं झालं.

माझं मन फिरलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. तिसऱ्या उन्हाळ्यात एक लहानसा लेकर लागला, हातभरही नव्हता. पोसून सिम्कोत सोडलेल्या पिल्लांचा एक पर आधीच कापलेला असतो, त्यामुळे माशाकडे बघून पोसलेला कोण आणि तलावात जन्मलेला कोण ते ओळखता येतं. याचे सगळे पर शाबूत. एके काळी या तलावातल्या तळाच्या पाण्यातला प्राणवायू इतका घटला होता की लेकरांची नैसर्गिक वीण जवळजवळ थांबली होती. आता ती पुन्हा दिसू लागलीय. तेव्हा हा सोडायचाच, असं ठरवून मी त्याला पाण्यात धरला. बोटीच्या पडद्यावर वरच्या पाण्याचं तापमान 23 अंश. तीस मीटर खालच्या फ्रिजमधून ओढत आणून आम्ही त्याला गरम टबात ठेवला होता. मी शेपटी धरून पुढेमागे करत राहिलो, कल्ले उघडझाप करायचे, सोडला की पोट वर. पुन्हा धरला, पुन्हा तेच. एक सीगल शेजारी येऊन बसला, वाट बघत. वीस मिनिटांनी आम्ही तो ठेवून घेतला. माझ्या वाट्याच्या मोजक्या माशांत तो मोजला गेला, आणि भाड्याची बोट दुपारपर्यंत आमची असूनही पुढे काठी हातात घ्यावीशी वाटेना. सोडलेला मासा जगतोच, असं उन्हाळ्यात मला छातीठोक म्हणता येत नाही. कुणी म्हणेल, हात सराईत असला तर जगतो. असेलही.

आता बर्फ. लाकडी हट, आत प्रोपेनची शेगडी, जमिनीला दोन भोकं, त्याखाली पाणी. हटवाला स्नोमोबाइलने पहाटे सोडतो, दुपारी नेतो. बर्फावर ऑन्टॅरिओत माणशी दोन दोऱ्या चालतात, पण मी एकच टाकतो, कारण दुसरीकडे बघायला सवडच नसते. शेजारी फ्लॅशर ठेवायचा, म्हणजे भोकाखाली काय आहे ते दाखवणारं सोनार यंत्र. त्याच्या गोल तबकडीवर तळ एका जागी जाड रंगीत पट्टा होऊन बसतो आणि आपली पांढरी ट्यूब (गळाला लावलेलं मऊ रबरी आमिष) वर बारीकशी रेघ. दोन तास काही नाही. मग तळापासून एक रेघ सुटते, आपल्या रेघेकडे चढू लागते. नवखा इथे हात थांबवतो, आणि मासा येतो, हुंगतो, परत जातो. करायचं उलटं: ट्यूब वर पळवायची, भराभर. लेकर मांजरासारखा आहे, पळणाऱ्याच्याच मागे लागतो. दोन रेघा तबकडीवर एकमेकींचा पाठलाग करतात, एक होतात, आणि त्याच क्षणी काठी हातात जड होते. हातात! वर येताना भोकात आधी बुडबुडे दिसतात. तो पोटातल्या पिशवीतली हवा ढेकर दिल्यासारखी सोडत येतो, हे लेकराला जमतं. मग काळपट हिरव्या पाण्यात एक फिकट ठिपका.

आणि सोडायचा असला तर गळ भोकावरच काढून डोकं खाली करून सोडून द्यायचं. पाणी वरपासून तळापर्यंत गारच. एकदा शेपटी हलवली की गेला. माझ्या हातून हिवाळ्यात सोडलेला एकही परत वर आलेला मी पाहिला नाही.

हटचा जाचही आहे, नाही म्हणत नाही. डोकं घामेजतं आणि तळवे गारठतात. लघवीला बाहेर पडणं हे शौर्याचं काम आहे. एकाच जागी बसावं लागतं, मासा आला नाही तर आला नाही, बोटीसारखं त्याच्या मागे जाता येत नाही. बर्फाचाही भरवसा कमी झालाय. 2023-24च्या हिवाळ्यात त्याने धड धरलंच नाही आणि माझं बुकिंग दोनदा पुढे जाऊन शेवटी रद्द झालं. 15 मार्चला तर हंगामच संपतो. खर्चाचं म्हणाल तर एका बोटीच्या पैशात माझ्या हटच्या तीन फेऱ्या झाल्या.

खाण्यात मला तरी हिवाळ्याचा मासा घट्ट लागला. चरबी भरपूर असते, कालवणात तेल फार सुटतं. कातडीसकट तुकडी रव्यात घोळून तळावी.

तेव्हा घरचे सगळे येणार असतील, थंडी सोसत नसेल, किंवा पाहुण्यांचं तिकीटच जुलैचं असेल तर खुशाल बोट घ्या. फक्त खाण्यापुरते दोन झाले की काठ्या वर घ्यायला सांगा. एकटे किंवा दुकटे असाल तर फेब्रुवारी बघा. मी दुसऱ्या शनिवारची दोघांची हट धरून ठेवलीय. दुसरा माणूस अजून ठरलेला नाही.