फायबर होडीचा ट्रान्सम कुजलाय: आत प्लाय, फोम की ओतायचं मिश्रण?

मोटार अर्धी वर उचला आणि तिच्या पायावर हाताने दाब द्या. ट्रान्सम, म्हणजे होडीची मागची उभी भिंत, मोटारीबरोबर जराशी जरी हलली तरी आतलं लाकूड गेलंय असं समजा. वरून फायबर चकचकीत दिसतं, त्यावर जाऊ नका. फायबरचे दोन पातळ थर आणि मधे लाकूड अशी ही भिंत असते. लाकूड नरम पडलं की थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि मोटारीचा सगळा जोर नुसत्या थरांवर येतो. खात्री करायची असेल तर आतल्या बाजूने, तळाजवळ, 6 मिलिमीटरचं भोक पाडा. कोरडा, फिकट भुसा आला तर लाकूड चांगलं आहे. काळा ओला लगदा आणि कुबट वास आला, किंवा भोकातून पाणीच ठिबकू लागलं, तर भिंत उघडावीच लागणार.

कोकणात हे लाकूड समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याने जास्त कुजतं. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी सहजासहजी वाढत नाही; गोड पाणी, हवा आणि ऊब मिळाली की ती फोफावते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. होडी नीट शाकारली नसेल तर पावसाचं पाणी मागच्या बाजूला साचतं आणि मोटारीच्या बोल्टांच्या, स्क्रूंच्या, निचऱ्याच्या भोकांतून लाकडात उतरतं. म्हणून आत काय घालायचं याइतकंच पाणी कुठून शिरलं हेही महत्त्वाचं आहे.

आधी दोन पर्याय बाजूला ठेवतो. भोकं पाडून पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळलं की कडक होणारं द्रव रेझिन) आत सोडायचं, हा एक. ओल्या लगद्यात इपॉक्सी मुरत नाही. जिथे मुरतं तिथेही मेलेल्या लाकडाला पहिली ताकद येत नाही. खिडकीच्या चौकटीला चालेल, मोटार टांगायच्या भिंतीला नाही. दुसरा पर्याय सागाच्या अखंड फळीचा. साग टिकाऊ आहे यात वाद नाही, पण तो तेलकट असल्याने पॉलिएस्टर रेझिन (होड्यांचं फायबर बहुतेक ज्यात बनतं ते) त्याला नीट धरत नाही. शिवाय अखंड फळी ओल धरली की आडवी फुगते आणि फायबरला तडे पाडते. प्लायमध्ये थर एकाआड एक उभेआडवे असतात, म्हणून तो जागचा हलत नाही.

मरीन प्लाय

कामाच्या होडीसाठी माझं मत प्लायच्या बाजूने आहे. बोल्टचा दाब तो उत्तम पेलतो, मिळायला सोपा आहे आणि गावातला सुतार तो कापू शकतो. मात्र प्लायवर आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) हा शिक्का हवा. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारा प्लाय पुष्कळदा आयएस 303 चा असतो. तो कपाटाला ठीक आहे. कडा नीट बघा, मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर तो तुकडा परत करा. आणि मरीन प्लायही कुजतोच. त्याचा डिंक पाण्याने सुटत नाही, पण लाकूड शेवटी लाकूडच.

खरा फरक रेझिनने पडतो. कारखान्यात होड्या बहुतेक पॉलिएस्टरमध्येच बनतात. ते स्वस्त आहे, आपल्या कारागिरांचा हात त्यावर बसलेला आहे आणि नव्या होडीत सगळे थर लागोपाठ चढत असल्याने ते एकजीव होतं. दुरुस्तीत तसं होत नाही. वाळलेल्या जुन्या फायबरवर आणि लाकडावर पॉलिएस्टरची पकड कमी पडते. वाळताना ते आकसतंही. काही वर्षांत प्लाय आणि फायबर यांच्यात फट पडते आणि त्या फटीतून पाणी थेट तळापर्यंत जातं. इपॉक्सी महाग आहे, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला दोन्हीला घट्ट धरतं. ट्रान्समला लागणारं रेझिन पूर्ण होडीच्या मानाने थोडं असतं आणि कापाकापी, घासाघाशीची मजुरी दोन्हीकडे तेवढीच. इथे रेझिनमध्ये पैसे वाचवू नयेत.

इपॉक्सी घेतलं तर दोन गोष्टी कारागिराला आधीच सांगा. साध्या मॅटमधले (काचेच्या तुटक्या धाग्यांच्या चटईतले) धागे धरून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट नीट भिजत नाही. विणलेलं काचकापड वापरा. आणि इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट (वरचा रंगीत, चकचकीत थर) भरवशाने धरत नाही, वरून मरीन पेंट मारा.

दाट फोमचा बोर्ड

काचेचे धागे घातलेला दाट पॉलियुरेथेन बोर्ड (कूसा हे त्यातलं माहीत असलेलं नाव) कुजत नाही, हा त्याचा मोठा गुण. वजनासाठी मात्र तो घेऊ नका. दीड मीटर रुंद, अर्धा मीटर उंच, 38 मिलिमीटर जाड ट्रान्समला प्लाय साधारण 18 किलो लागतो, हा बोर्ड 11 किलोच्या आसपास. मागे सत्तर-शंभर किलोची मोटार लटकत असताना त्या सात किलोंना फारसा अर्थ नाही. त्याच्या वरचं फायबरही प्लायपेक्षा जाड द्यावं लागतं, कारण प्लाय स्वतः ताण घेतो तेवढा हा घेत नाही. आयात माल असल्याने किंमत चांगलीच चढते. होडी अजून पंधरा-वीस वर्षं ठेवायची असेल आणि पुन्हा हे काम काढायचंच नसेल, तर घ्या. घनमीटरला 80 किलोचा हलका पीव्हीसी फोम मात्र मोटारीच्या बोल्टाखाली चेपतो. तो डेकला, चालायच्या फरशीला छान. तिथे मी प्लायऐवजी तोच घालेन.

ओतायचं मिश्रण

ट्रान्समच्या वरची कड कापायची, आतलं लाकूड चेनसॉने खरवडून काढायचं आणि त्या पोकळीत रेझिनचं तयार मिश्रण ओतायचं. दोन्ही थर शाबूत राहतात. डेक मागच्या बाजूला एकसंध बसवलेलं असेल आणि आतून हात जात नसेल, तर हाच मार्ग सोयीचा. अडचण अशी की खाली कोपऱ्यात काय राहिलं ते दिसत नाही. ओलं लाकूड उरलं तर मिश्रण त्याला चिकटत नाही. ओतताना दाबाने थर बाहेर फुगतात, म्हणून दोन्हीकडून फळ्या आवळाव्या लागतात. मोठा गोळा घट्ट होताना तापतोही, तेव्हा उन्हाळ्यात हे काम पहाटे करावं. पॉलिएस्टरमध्ये भुसा कालवून घरगुती मिश्रण करून देणारे भेटतात. ते ठिसूळ होतं, घेऊ नका.

तेव्हा रोजच्या मासेमारीची किंवा पर्यटकांची होडी असेल आणि आतून जागा असेल, तर आयएस 710 प्लाय आणि इपॉक्सी. जागा नसेल आणि दोन्ही थर ठणठणीत असतील, तर तयार मिश्रण. होडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर पॉलिएस्टरमध्ये काम होईल, पण घेणाऱ्याला ते सांगा.

काम मे महिन्यात करा, मोसमाचे शेवटचे काही दिवस बुडाले तरी चालतील. जून लागला की प्लाय हवेतूनच ओल घेतो आणि इपॉक्सीवर तेलकट थर धरतो, जो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात चढत नाही. कापण्याआधी जुन्या भिंतीची जाडी मोजून ठेवा. नवी जास्त जाड झाली तर मोटारीचा ब्रॅकेट बसणार नाही. जुन्या फायबरची कड जाडीच्या बारापट उतरती घासायला सांगा: थर 5 मिलिमीटरचा असेल तर 60 मिलिमीटर. आणि आतलं लाकूड पूर्ण निघाल्यावर, नवं बसवण्याआधी, स्वतः जाऊन बघा. कोपऱ्यात काळं काही राहू देऊ नका.

बोल्टची भोकं आधी मोठी पाडायची, घट्ट इपॉक्सीने भरायची, वाळली की मधोमध मापाचं भोक घ्यायचं. मग बोल्टच्या बाजूने पाणी शिरलं तरी ते लाकडापर्यंत पोचत नाही. निचऱ्याच्या भोकाला आणि एकेका स्क्रूलाही हेच करा.