लग्नाचा कॅमेरामन की मुंबईचा डीओपी? अहिराणी लघुपट काढणाऱ्यांसाठी

वीस-पंचवीस मिनिटांचा अहिराणी लघुपट, तीन-चार दिवसांचं शूटिंग, पैसा घरचा नाहीतर मित्रांचा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे असं काम हाती घेणाऱ्यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक, तालुक्यातला लग्नाची शूटिंग करणारा भाऊ, त्याचा छोटा मिररलेस कॅमेरा, गिम्बल (कॅमेरा न हलता फिरवायचा दांडा) आणि एक-दोन एलईडी लाइट. दुसरी, मुंबई-पुण्याहून भाड्याचा सिनेमा कॅमेरा, डीओपी (प्रकाश आणि फ्रेम ठरवणारा मुख्य छायाचित्रकार), फोकस सांभाळणारा फोकस पुलर आणि लाइटमन. बहुतेक जण कॅमेऱ्याचं मॉडेल बघून निर्णय घेतात. माझं ठाम मत आहे की आधी माणूस ठरवावा, मग कॅमेरा.

तरी कॅमेऱ्याचंच आधी बघू, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. लग्नाच्या वरच्या दर्जाच्या कामात आता सोनीचा एफएक्स थ्री किंवा त्याच्या बरोबरीचे कॅमेरे दिसतात. 2021 साली आलेला हा कॅमेरा बॅटरी-कार्डासकट सव्वासातशे ग्रॅमच्या आत बसतो. भाड्याच्या दुकानात हमखास मिळणारा अलेक्सा मिनी हा सिनेमा कॅमेरा 2015 चा. त्याची नुसती बॉडी सव्वादोन किलोच्या वर. लेन्स, बॅटरी, मॉनिटर लावला की खांद्यावर चांगलंच ओझं होतं. 2023 चा ‘द क्रिएटर’ हा हॉलिवूडपट एफएक्स थ्रीवरच चित्रित झाला, तेव्हा छोट्या कॅमेऱ्यावर सिनेमा होत नाही हे म्हणणं सोडून द्या.

फरक दिसतो तो धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात. मातीच्या भिंती, एकच बुटकं दार, आत अंधार आणि बाहेर एप्रिलचं ऊन. आजी चुलीपुढे बसली आहे आणि मागे दार उघडं आहे, अशी फ्रेम लावा. अलेक्सात दाराबाहेरचं अंगण उजळ दिसेल, पण त्यातला लिंब आणि बाज ओळखू येतील. मिररलेसवर चेहरा नीट दिसेल इतपत एक्स्पोजर ठेवलं की दार पांढरं फटक होतं. पण आत प्रकाश वाढवला, तर हाच फरक बराच कमी होतो. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी 1956 च्या ‘अपराजितो’साठी स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या चौकावर पांढरं कापड ताणलं, त्यावर दिवे मारले आणि परतून येणाऱ्या मऊ प्रकाशात आभाळाखालचा चौक उभा केला. व्ही. के. मूर्ती यांनी 1959 च्या ‘कागज के फूल’मध्ये आरशांनी उन्हाचा झोत स्टुडिओत आणला. तुमच्या अंगणातही ऊन फुकट आहे. एक मोठा आरसा, दोन थर्माकोल शीट आणि कापडाच्या दुकानातलं दहा मीटर मांजरपाट घ्या. आरशाने ऊन दारातून आत घ्यायचं आणि चेहऱ्यावर थेट न मारता मांजरपाटावर मारायचं. आजीचा चेहरा भरून येतो, दाराबाहेरचं अंगणही टिकतं. हे सुचणारा माणूस कोणत्या वाटेने मिळतो, खरा प्रश्न तो आहे.

उघड्या रानात गणित वेगळं. सेकंदाला 25 फ्रेम्सना शटर 1/50, लॉगमध्ये (रंग मागून ठरवायच्या फिकट रेकॉर्डिंगमध्ये) आयएसओ 800. कडक उन्हात या आकड्यांवर एफ 16 ला, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक करून सुद्धा, चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) प्रकाश जास्त होतो. मागची कपाशी धूसर हवी म्हणून एफ 2.8 वर यायचं तर आणखी पाच. म्हणजे नऊ स्टॉपचा एनडी, लेन्सपुढचा प्रकाश कमी करणारा फिल्टर, लागला. लग्नवाल्यांकडे बहुधा फिरवायचा व्हेरिएबल एनडी असतो. तो टोकापर्यंत फिरवला की आभाळात काळपट फुली उमटते. अलेक्सा मिनीत एनडी आतच बसतो, आणि डीओपी पक्क्या फिल्टरांची पेटीही घेऊन येतो. मिररलेसवर काम करणार असाल तर पक्के एनडी भाड्याने घ्या. नव्या बॉडीपेक्षा तो खर्च कितीतरी कमी आणि जास्त उपयोगाचा. आणखी एक, 10 बिटमध्येच शूट करा. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 छटा, 10 बिटमध्ये 1024. सातपुड्यावरच्या संध्याकाळच्या आभाळात पट्टे पडतात ते 8 बिटच्या कमी छटांमुळे. 10 बिटच्या वरच्या दर्जाला तासाभराचं फुटेज 110 जीबीच्या पुढे जाऊ शकतं, म्हणून रोज रात्री दोन हार्ड डिस्कवर कॉपी करायला एक माणूस नेमा.

उन्हाळ्यात शूटिंग ठेवत असाल तर दोन्ही वाटांना सारखाच धोका. कागदावर एफएक्स थ्रीची मर्यादा 40 अंश, अलेक्सा मिनीची 45. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा दोन्हींच्या पुढे जातो. पंखा नसलेली मिररलेस बॉडी तर दुपारी दोनला बंद पडलीच म्हणून समजा. डिसेंबर-जानेवारी धरा, ऊन तिरपं असतं आणि नटांचे चेहरेही घामेजत नाहीत.

रावेर, यावलकडच्या केळीच्या बागेत प्रसंग असेल तर माणसाचा फरक लगेच कळतो. पानांतून गाळून आलेला प्रकाश हिरवा असतो, गाल आणि हनुवटीखाली हिरवट छटा येते. व्हाइट बॅलन्सने ती जात नाही, कारण चेहऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी उन्हात असते. लग्नाचा कॅमेरामन बहुधा ‘एडिटिंगमध्ये काढू’ म्हणेल. शिकलेला डीओपी नटाला बागेच्या कडेला, बांधाजवळ आणेल, हिरव्या बाजूला काळं कापड धरायला लावेल आणि समोरून पांढरं देईल. हे पाचच मिनिटांचं काम आहे, पण ते कोणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

याच्या उलट अनुभवही तितकाच खरा आहे. अहिराणी संवादात आजीने ‘आठे ये’ (इकडे ये) म्हटलं की गावचा कॅमेरामन नातवाकडे आपसूक पॅन करतो. मुंबईचा ऑपरेटर वाक्य संपल्याची खूण मिळेपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात नातवाची पहिली प्रतिक्रिया हुकते. गर्दी, वरात, कानबाई देवीची मिरवणूक ज्याने वर्षानुवर्षं टिपली आहे, त्याला माणसांत शिरून कॅमेरा फिरवता येतो आणि त्याला बघून बायका पदर सावरत नाहीत. हा गुण भाड्याने आणता येत नाही. त्याच्या सवयी मात्र मोडाव्या लागतात: प्रत्येक शॉटमध्ये गिम्बलची हालचाल, ऊठसूट स्लो मोशन, लेन्स सदा पूर्ण उघडी. त्याला पटकथा वाचायला द्या, शॉट डिव्हिजनला सोबत बसवा आणि पहिल्या दिवशी गिम्बल घरी ठेवायला सांगा. तो वाईट वाटून घेणार नाही. बहुतेकांना लग्नाखेरीज काही करायची मनापासून इच्छा असते, कोणी विचारलेलं नसतं एवढंच.

आवाजाचं थोडक्यात: दोन्ही वाटांत साउंड रेकॉर्डिस्ट वेगळा घ्या.

पैशात मुंबईची वाट दिसते त्याहून महाग पडते. चारशे किलोमीटरचा प्रवास, जाण्या-येण्याचे दिवस, कॅमेऱ्यासोबतच्या अटेंडंटचा भत्ता, राहणं-जेवण, मोठे दिवे आणले तर जनरेटर. 300 वॅटचा एलईडी घरच्या प्लगवर चालतो. त्याहून मोठं काही आणाल तर शेतीपंपाच्या विजेच्या भरवशावर राहू नका.

आता निवड. कथा बरीचशी दिवसाची, शेत-रस्ता-अंगणातली असेल तर गावच्या कॅमेरामनला घ्या आणि वाचलेले पैसे एनडी, एक चांगली 35 किंवा 50 एमएमची प्राइम (झूम नसलेली) लेन्स आणि प्रकाश समजणाऱ्या एका सहायकावर खर्च करा. कथेचा जीव रात्रीत असेल, नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीसारखा पेटता उजेड आणि भोवती काळोख, किंवा सगळं धाब्याच्या घरातच घडत असेल, तर डीओपी बाहेरून आणाच. मात्र फक्त डीओपी आणा. कॅमेरा इथलाच, ऑपरेटरही इथलाच. प्रकाश आणि फ्रेम पाहुण्याने ठरवायची, कॅमेरा गावच्याने धरायचा. मी स्वतः लघुपटासाठी हीच तिसरी वाट निवडेन. अट एवढीच की दोघांना शूटिंगच्या आधी किमान एकदा एकत्र लोकेशनवर न्या, आणि तेही प्रसंग ज्या वेळेचा आहे त्याच वेळेला. सकाळी अकराला घर दाखवून संध्याकाळचा सीन लावायला सांगितला, तर दोघेही नाइलाजाने अंदाज बांधतील आणि पहिल्याच संध्याकाळी ऊन हातचं जाईल.