‘स्कॅट’ प्रशिक्षण यंत्र : शालेय छात्रसैनिकांच्या नेमबाजीसाठी कितपत उपयोगी?

राष्ट्रीय छात्रसेनेतून नेमबाजीकडे वळणाऱ्या शाळकरी मुलामुलींची पहिली अडचण गोळ्यांची असते. पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल असते बटालियनच्या शस्त्रागारात, काडतुसे मोजून मिळणारी आणि रेंजवर जाण्याची संधी बहुधा शिबिरापुरतीच. त्यामुळे २५ यार्डांवर पोटावर पडून मारलेल्या गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका, का पसरला, हे कळण्याआधीच मुलाची पाळी संपते. अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजाची सुरुवात एनसीसीतूनच झाली, हे लक्षात घेतले तर ही उणीव किती महाग पडते ते कळेल. ती काही अंशी भरून काढणारे साधन म्हणून ‘स्कॅट’ या रशियन बनावटीच्या यंत्राचा विचार शाळांनी करावा, असे माझे मत आहे.

रायफलच्या नळीवर बसवलेला छोटा सेन्सर नेम लक्ष्यावर कसा फिरतो ते टिपतो आणि त्याची रेषा पडद्यावर उमटते. नेम घेताना ती हिरवी असते, शेवटच्या सेकंदात पिवळी होते, शेवटच्या ०.२ सेकंदात निळी आणि गोळी सुटल्यावर लाल. या यंत्राचे खरे मोल त्या निळ्या तुकड्यात आहे. पिवळी रेषा दहाच्या (सर्वाधिक गुणांच्या, मधल्या) वर्तुळाभोवती घट्ट गुंडाळलेली असताना निळी एकाएकी बाजूला निसटत असेल, तर पोझिशन (शरीराची आणि रायफलीची ठेवण) ठीक आहे, पण बोट ट्रिगर दाबण्याऐवजी ओढत आहे; पिवळीच वरखाली लांबत असेल, तर बहुधा श्वास पुरता थांबलेला नाही; आणि लाल रेषा क्षणात भरकटली, तर मूल गोळी सुटताच निकाल पाहायला डोके उचलत आहे. कागदी लक्ष्यावर या तिन्ही चुका केवळ ‘आठ’ गुण म्हणून दिसतात. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघ्या ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. इतक्या बारकाव्यात मागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकाची अनुभवी नजरही अपुरी पडते.

गोळी न मारता केलेल्या कोरड्या सरावातही हे सारे दिसते, हा छात्रसैनिकांसाठी सर्वांत मोठा लाभ होय. मात्र तो सराव एअर रायफलवरच करावा. सरकारी रायफलीवर परवानगीशिवाय काहीही जोडता येत नाही, शिवाय पॉइंट टू-टू रायफलीचा घोडा रिकाम्या चेंबरवर वारंवार पाडल्यास पिन आणि चेंबरची कड दुखावण्याची भीती असते.

‘स्कॅट’चे एमएक्स-०२ हे मॉडेल यूएसबी तारेने संगणकाला जोडावे लागते. तार सैल सोडली नाही तर ती नळीला ओढते आणि हलक्या अंगाच्या मुलाला तेवढाही ताण जाणवतो. बिनतारी एमएक्स-डब्ल्यू२ मोबाइलवरही चालते, म्हणून शाळेसाठी मी तेच सुचवीन. दोन्हींना लक्ष्यावर पुरेसा आणि एकसारखा उजेड लागतो. अंधाऱ्या व्हरांड्यात वेगळा दिवा लावल्याशिवाय नोंदी भरवशाच्या मिळत नाहीत.

पडद्यावर गुणही दिसत असल्याने मुले रेषा सोडून आकड्यांमागे धावतात, म्हणून मी पडदा नेमबाजापासून वळवून ठेवतो आणि काही गोळ्या झाल्यावर त्याला जवळ बसवून रेषा वाचायला लावतो. ज्याची पोझिशन अजून बसलेली नाही, अशा नवख्याला हे यंत्र देऊच नये. दर वेळी वेगळी रेषा पाहून तो गोंधळतो आणि मुळात बरोबर असलेल्या गोष्टीही बदलू लागतो.

किंमत एका पालकाने पेलावी अशी नाही. शाळेकडे स्वतःची एअर रायफल, दहा मीटरची बंदिस्त जागा आणि रेषा वाचू शकणारा प्रशिक्षक असेल, तरच सर्वांसाठी मिळून एक यंत्र घ्यावे; यांपैकी प्रशिक्षक नसेल, तर ते पैसे आधी मापाच्या नेमबाजी जॅकेटवर, स्लिंगवर (रायफल हाताला आवळून स्थिर ठेवणाऱ्या पट्ट्यावर) आणि छर्‍यांवर खर्च करावेत.